पांढरी चारचा मेजर

आमच्या कराओके मंडळात गाणारी माणसं चौदा आणि न गाणारा मी एकटा. मला गाता येत नाही, हा काही विनय नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत आरती चालू असताना बायकोनं कानाशी येऊन सांगितलं होतं, "तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा." तेव्हापासून मी टाळ्या वाजवतो. मधूनच ती माझ्याकडे बघते, म्हणजे टाळ्याही चुकतच असणार.

तरीही माझ्यावाचून मंडळाचं पान हलत नाही, कारण ट्रॅक मी करतो. निवृत्त होण्याआधी मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. साकव, मोऱ्या, शाळेच्या खोल्या, धक्के यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. घरी बसल्यावर काय करायचं हा प्रश्न मला पडायच्या आतच बायकोनं स्वतःपुरता सोडवला आणि ती मारुती मंदिराजवळच्या या मंडळात जाऊ लागली. दर रविवारी संध्याकाळी एका सभासदाच्या गच्चीवरच्या खोलीत सगळे जमायचे. मी जायचो तो स्पीकर उचलायला.

तिथे बसून बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इंटरनेटवरून उतरवलेल्या ट्रॅकवर गाणं छान चाललेलं असतं आणि मधेच कुठेतरी टोचतं. गाणाऱ्याचा चेहरा वाकडा होतो, ऐकणारे एकमेकांकडे बघतात, पण काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही. बिघडलेला असतो कॉर्ड. तीन-चार सूर एकदम दाबून गाण्याखाली जी सतरंजी अंथरतात तो कॉर्ड. कुणीतरी कुठेतरी बसून अंदाजपंचे कॉर्ड टाकून ट्रॅक केलेला असतो आणि आपण इथे रत्नागिरीत त्यावर गळा काढत असतो.

मग मी एक सॉफ्टवेअर मिळवलं. त्यात गाण्याची मिडी फाइल उघडायची. या फाइलमध्ये आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात: कुठल्या वाद्यानं कुठला सूर कधी धरायचा आणि कधी सोडायचा. पडद्यावर आडव्या रंगीत रेघा दिसतात आणि वरच्या ओळीत चौकोन, एकेका चौकोनात एकेक कॉर्ड. चौकोनावर क्लिक करून कॉर्ड बदलला की खालची गिटार, बास, व्हायोलिनं सगळी मुकाट्यानं नव्या कॉर्डला जाऊन मिळतात. इतकी आज्ञाधारक मंडळी मी खात्यात कधी बघितली नव्हती. मला तो नकाशाच वाटला. नकाशा मला वाचता येत होता, फक्त ऐकू येत नव्हता.

ऐकायचं काम बायकोचं. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचो आणि ती आत काहीतरी चिरत, निवडत, ढवळत असायची. टोचणारी जागा आली की मी तिथला कॉर्ड बदलून पुन्हा वाजवायचो. आतून आवाज यायचा, "नाय." मी दुसरा टाकायचो. "नाय हो." मेजरचा मायनर करायचो. मेजर आणि मायनर यांत फरक एकाच सुराचा आणि तोही अर्ध्याच सुराचा, पण तेवढ्यावर उजाडलेलं गाणं झाकोळतं. मग आतला चमचा थांबायचा. "हां. हा बरोबर." तिला कॉर्डचं नाव माहीत नसायचं आणि मला तो बरोबर का हे माहीत नसायचं, पण दोघं मिळून आम्ही दीडेक वर्षात पन्नासेक गाणी सरळ केली. आमच्या संसारात एवढ्या एकमतानं झालेलं दुसरं काम मला आठवत नाही. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरचे ते माझे सगळ्यांत सुखाचे दिवस.

मग मंडळात सर आले.

देवरूखकडे प्राध्यापकी करून ते निवृत्त झाले होते आणि रत्नागिरीत घर बांधून राहायला आले होते. उंच, केस पांढरे पण सगळेच्या सगळे, पायात नेहमी स्वच्छ चपला. तरुणपणी गिटार वाजवायचे म्हणे. पहिल्या रविवारी नुसते ऐकायला बसले होते. मी नुकताच दुरुस्त केलेला एक ट्रॅक लावला, तो संपल्यावर ते उठून माझ्यापाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "दुसऱ्या ओळीच्या शेवटी मायनर करून बघा." मी केला. खोलीत दोन-तीन जणांनी एकदम मान हलवली. बायकोनंही हलवली. त्या जागेवर आम्ही दोघांनी चार दुपारी घालवल्या होत्या आणि शेवटी कंटाळून "असू दे" म्हणून सोडून दिली होती. या माणसानं ती एका ऐकण्यात सोडवली.

त्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे ट्रॅक घेऊन बसलो आणि अडलेली जागा वाजवली. आतून "नाय" आलं नाही, "हां" आलं नाही. आलं ते, "सरांना विचारा ना." त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. अपचन असेल म्हणून मी ओवा खाल्ला.

ओव्यानं जाणारं ते दुखणं नव्हतं. मला मत्सर वाटत होता. बासष्टाव्या वर्षी, हातात गुडघ्याच्या मलमाची ट्यूब असताना मला मत्सर वाटत होता, आणि तो लपवायला मला फार कष्ट पडत होते. दोन महिन्यांत सर आणि बायको युगुलगीतं गाऊ लागले. मंडळाला हवी तशी जोडी मिळाली. सरांचा आवाज मोकळा, तिचा बारीक आणि वर चढणारा. लोक म्हणायचे, काय जोडी जमलीय. म्हणताना त्यांच्या मनात काही नसायचं, पण माझ्या मनात दोघांना पुरेल एवढं होतं.

बायकोनं आल्याच्या वड्या केल्या की एक डबा सरांच्या घशासाठी बाजूला निघू लागला. डब्यात अखंड वड्या जायच्या आणि कडेचे मोडलेले तुकडे घरात राहायचे. "तुम्हाला काय, तुम्हाला गायचं नाय," ती म्हणायची. बरोबरच होतं. मोडकी वडी चवीला तशीच लागते, तरी मी ती खाताना त्या डब्याकडे बघत बसायचो. मंडळात जायच्या दिवशी ती केसांना आदल्या रात्रीच तेल लावू लागली. आता हे ती आधीही करत असेल. मी आधी बघितलं नव्हतं.

सरांच्या बायकोला मात्र काहीच वाटत नव्हतं. त्या दर रविवारी पहिल्या खुर्चीवर बसून क्रोशाचं विणकाम करायच्या. समोर आपला नवरा दुसऱ्याच्या बायकोकडे बघून प्रेमाच्या आणाभाका गातोय आणि ही बाई टाके मोजतेय, याचाही मला राग यायचा. निदान त्यांना थोडं वाईट वाटलं असतं तर मला सोबत झाली असती.

वर्षाच्या शेवटी मंडळाची सहल आरे-वारेला गेली. सूर्य बुडताना किनाऱ्यावर गायचं असा बेत होता. लॅपटॉप, स्पीकर, वायरी, बॅटरी हे सगळं लटांबर मी टेकडीवरून खाली वाळूत नेलं. सगळं जोडून झालं तर स्पीकर मुका. मी वायरी काढून घालत बसलो होतो, तेवढ्यात मागून गाणं ऐकू आलं. ती दोघं पाण्याच्या कडेनं चालत गात होती. ट्रॅक नाही, माइक नाही, काही नाही. बाकीचे मागून टाळ्या वाजवत चालले होते. मी वायर हातात धरून तसाच बसलो. गाणं माझ्यावाचून होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

काहीही करून स्वतःला उपयोगी ठेवायचं, एवढंच मग माझ्या हातात होतं. सरांना माझ्या ट्रॅकची सवय लागली पाहिजे, असं मी ठरवलं. आमच्याकडे गाण्याची पट्टी सांगायची ती पेटीच्या कळांवरून, काळी एक, पांढरी चार अशी. युगुलगीतात पट्टी एकच असते. ती पुरुषाला जमेल अशी धरायची आणि बाईनं जुळवून घ्यायचं, असा मंडळाचा अलिखित नियम होता. तो कुणी केला माहीत नाही, पण मी कधी मोडला नाही. सरांची काळी एक. मी प्रत्येक गाणं काळी एकमध्ये आणून द्यायचो. त्यांचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी इयरफोन लावून ऐकायचो. कुठे श्वास घेतात, कुठे सूर टेकवतात, कुठे ओढून धरतात, सगळं. वैऱ्याच्या घराचा नकाशा काढावा तसा मी त्यांचा आवाज काढत होतो. मला कान नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं. रागानं कान उघडतात.

बायको एकदोनदा म्हणाली होती, "मला जरा चढतंय हो हे." कोमट पाण्यात ज्येष्ठमध टाकून ती पीत होती. मी म्हटलं, "सरांना याच्याखाली नाही जमत." तिनं पाणी संपवलं आणि भांडं घासायला टाकलं.

पौष संपत आला तशी आमच्या कॉलनीची सत्यनारायणाची पूजा ठरली. दरवर्षी पूजेनंतर संध्याकाळी कार्यक्रम असतो. मुंबईला नोकरीला असलेले मुलगे, भाऊ येतात, मांडव भरतो. या वर्षी आमच्या मंडळाला बोलावलं आणि शेवटचं गाणं अर्थातच त्या दोघांचं. एक जुनं मराठी युगुलगीत. पहिलं कडवं बाईचं, मग व्हायोलिनचे तुकडे, मग दुसरं कडवं पुरुषाचं. पुरुषाचं कडवं खालून सुरू होतं आणि अजून खाली जातं. सरांना काळी एकमध्ये ते खालचे सूर जेमतेम लागायचे. किती जेमतेम ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

नेमकी त्याच आठवड्यात बायको माहेरी एका लग्नाला गेली, देवरूखच्या पुढे. जाताना फोनवर सरांशी बोलत होती. "रविवारच्या आत येतंय हो मी. तोपर्यंत तुम्ही खालचं घासून ठेवा." ती हसली आणि तिकडून तेही हसले असावेत. मी तिची पिशवी धरून दारात उभा होतो. एसटीत बसवून परत आलो आणि चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडला.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते सरळच सांगतो. मी ते गाणं मधून कापलं. पहिल्या कडव्यापर्यंत काळी एकच ठेवली. व्हायोलिनचे तुकडे संपतात तिथून पुढचं सगळं गाणं तीन कळा खाली उतरवलं, म्हणजे खालच्या सप्तकातल्या काळी पाचवर. काळी एकमध्येच कसेबसे लागणारे सूर काळी पाचमध्ये सरांना लागणार नाहीत. आवाज फाटला असता तर लोकांनी कीव केली असती, वय झालं म्हणाले असते. मला कीव नको होती. आवाज नुसता गेला पाहिजे होता, माइकसमोर तोंड हलतंय आणि ऐकू काही येत नाही, असा.

अडचण एकच होती. पट्टी एकदम खाली टाकली तर धक्का बसणार आणि सर लगेच सावध होणार. उतार पाहिजे होता. व्हायोलिनच्या शेवटी एक कॉर्ड होता, पांढरी चारचा मायनर. त्याच्यापाशी मी दोन दिवस बसलो. बदलून, वाजवून, पुन्हा बदलून. आत स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या मायनरमधला एकच सूर अर्ध्यानं वर उचलला, त्याचा मेजर केला, आणि गाणं आपल्या पायांनी काळी पाचवर उतरलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा उतरलं. कुणी "हां" म्हणायची गरज नव्हती. बरोबर आहे हे मला माझं कळलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. इतकं चांगलं काम मी तोवर केलं नव्हतं, आणि ते कशासाठी केलंय हे मला चांगलं माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. शनिवारी तालमीला जुनीच फाइल लावली. सर खालचे सूर कसेबसे लावत होते आणि बायको मान हलवून धीर देत होती. माझ्या अंगाचा तीळपापड झाला आणि उरलीसुरली शंकाही गेली.

रविवारी साडेसहाला मांडव भरला होता. प्रसादाच्या शिऱ्याचा वास येत होता. बायकोनं पहिलं कडवं म्हटलं, नेहमीसारखं बारीक, वर चढणारं. लोक खूश. मग व्हायोलिनं सुरू झाली. मी पडद्याकडे बघत होतो, तो चौकोन जवळ जवळ येत होता. आला. गेला. मांडवात कुणाची पापणीसुद्धा हलली नाही. फक्त सरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

पहिले दोन शब्द आले, नंतर काहीच नाही. नुसता श्वास माइकवर घासल्याचा आवाज. बॅटरी संपलेल्या रेडिओसारखे ते मधेच खरखरत होते आणि मधेच गप्प होत होते. मागून कुणीतरी मुंबईकर ओरडला, "सर, व्हॉल्यूम वाढवा." लोक हसले. सरांचा कान लाल झालेला मला बसल्या जागेवरून दिसला. मला हे बघायचं होतं. इतके महिने मला हेच बघायचं होतं, आणि आता बघवत नव्हतं, पण ट्रॅक थांबवायला हातही पुढे होत नव्हता.

दुसऱ्या ओळीला बायकोनं माइक तोंडाशी धरला आणि सरांचं कडवं उचललं.

ते तिचं कडवं नव्हतं. शब्द पुरुषाचे होते. पण ती खालून, सावकाश, कसलाही ताण न घेता गाऊ लागली आणि मांडवातली कुजबुज थांबली. तो बारीक आवाज नव्हता. रुंद, भरलेला, जरासा जाडसर असा आवाज होता. मान ताणलेली नव्हती, कपाळावर आठी नव्हती. आणखी खालचा सूर आला तेव्हा मला वाटलं आता हीही बुडणार, तर ती तिथे घरात पाट मांडून बसल्यासारखी बसली. डोळे मिटलेले होते. ती सरांकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही बघत नव्हती. सरांनी माइक खाली केला आणि एक पाऊल मागे जाऊन ते उभे राहिले. शेवटपर्यंत ती एकटीच गायली. टाळ्या थांबेनात.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. मला तर मारुती झाला की काय झालं तेही कळत नव्हतं. सरांची फजिती झाली होती, पण तिनं त्यांची लाज सगळ्यांदेखत आपल्या गळ्यावर झेलली होती. माझ्यासाठी ती कधी अशी पुढे झाली होती? मला टाळ्या वाजवायला सांगणारी बाई. मी वायरी गुंडाळत होतो आणि पूर्वीपेक्षा जास्त जळत होतो.

सर वायरींपाशी आले. मी खाली बघत राहिलो. ते वाकले आणि पहिल्या दिवशीसारखंच हळू म्हणाले, "पांढरी चारचा मेजर. फार सुंदर जागा काढलीत." बस, एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, हे सगळ्यांत वाईट. मग ते प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मागून त्यांची बायको आली, विणकाम पिशवीत भरत. "काय हो, इतक्या दिवसांत तुमच्या मिसेसचा आवाज आज ऐकला मी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दर रविवारी ऐकताच की. त्या म्हणाल्या, "नाय हो, आजच," आणि द्रोण घेऊन पुढे गेल्या. मला तो टोमणा वाटला.

घरी आल्यावर कपडे बदलून बायकोनं देवाला दिवा लावला, भाताला कुकर लावला, आम्ही जेवलो आणि झोपलो.

सकाळी ती मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसली होती. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. ती एकेक कोलंबी सोलून भांड्यात टाकत होती.

"मला कॉर्डबिर्ड काय कळत नाय," ती शेवटी म्हणाली. "पण व्हायलिनच्या शेवटी काहीतरी उतरलं. तालमीत नव्हतं ते."

मी म्हटलं, "मी केलं."

"चुकून?"

"नाही."

तिनं हात थांबवले. "त्यांना खाली लागत नाय हे माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच." आणि मग बोलायला लागलो तसा थांबलोच नाही. वड्यांचा डबा, केसांचं तेल, "सरांना विचारा", आरे-वारेला हातात राहिलेली वायर, सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की यात धरण्यासारखं काही नाही. "मला तुमचं दोघांचं गाणं बघवत नाही," मी म्हटलं. "मला मत्सर वाटतो."

मला वाटलं ती हसेल, नाहीतर भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. "आज संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि माफी मागा," ती म्हणाली. "मी येणार नाय. तुमचे तुम्ही जा."

"जातो."

"आणि येत्या रविवारी मी एकटी गाणार. त्याचा ट्रॅक करून ठेवा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. एकटी गाणार, आणि ट्रॅक मी करायचा. पुन्हा पहिल्यासारखं होणार होतं. मी चहा तसाच ठेवला, लॅपटॉप पडवीतच आणून मांडीवर घेतला आणि तिनं सांगितलेलं गाणं उघडलं. हात मोकळे झाले होते. सवयीनं विचारलं, "पट्टी कुठली घेऊ?"

ती माझ्याकडे बघू लागली. हातात अर्धी सोललेली कोलंबी होती.

"सरांची कुठली?" तिनं विचारलं.

"काळी एक," मी म्हटलं. "वर तार गंधारापर्यंत सहज जातात, मध्यमाला चिरकतात. खाली पंचम जेमतेम. सर्दी असली तर पांढरी एक घ्यायची. तिसऱ्या ओळीनंतर श्वासाला जागा ठेवावी लागते."

"आणि माझी?"

मी पडद्याकडे बघितलं. गाण्याच्या रेघा तिथे थांबलेल्या होत्या. तेहतीस वर्षं मी या बाईबरोबर राहतोय. मला सांगता आली नाही.